छापण्यापूर्वी चित्राची परीक्षा

शाळेच्या वार्षिकाचे काम दिवाळीची सुटी संपली की हाती घ्यावे लागते. लेख व कविता मागाहून, पुष्कळ तगादा केल्यावर येतात; छायाचित्रे मात्र न मागता येऊ लागतात. स्नेहसंमेलनातील नाटकाचे, खो-खोच्या विजयी संघाचे, नाताळच्या गीतसेवेचे, सहलीचे, वर्गाच्या समूहाचे, अशी शेकडो चित्रे विद्यार्थी, शिक्षक व पालक पाठवितात. मोबाइलच्या काचेवर ती सर्व सारखीच झळझळीत दिसतात. छापून आल्यावर मात्र काही स्वच्छ उतरतात, आणि काहींवर धुके पसरल्यासारखे वाटते. मग सहज प्रश्न होतो की, छापखान्याने काम बिघडविले काय? बहुतेक वेळा छापखाना निर्दोष असतो. दोष चित्र छापखान्यात जाण्यापूर्वीच त्यात शिरलेला असतो, आणि तो ओळखण्यास सातवीच्या मुलास येणारा भागाकार पुरे होतो. तो भागाकार कोणता व तो का करावयाचा, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

संगणकातील चित्र म्हणजे काय, हे प्रथम पाहू. १९५७ साली अमेरिकेतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श नामक संशोधकाने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र एका फिरत्या नळकांड्यावर बसविले व ते यंत्रास वाचावयास लाविले. यंत्राने त्या चित्राचे आडवे १७६ व उभे १७६ असे बारीक भाग पाडले आणि प्रत्येक भाग काळा की पांढरा एवढेच टिपून घेतले. पुढे उजेडाची मर्यादा बदलून तेच चित्र पुनःपुन्हा वाचले व त्यातून करड्या छटा मिळविल्या. संगणकाने छायाचित्र वाचल्याचे हे पहिले उदाहरण होय. त्या संपूर्ण चित्रात १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ भाग होते. अशा एका भागास इंग्रजीत पिक्सेल म्हणतात. आम्ही त्यास चित्रबिंदू म्हणू. आजच्या साध्या मोबाइलचे चित्र बहुधा आडवे ४,००० व उभे ३,००० बिंदूंचे, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदूंचे असते. कर्शच्या बाळापासून येथवरचा प्रवास फार मोठा आहे, परंतु जात एकच. चित्र म्हणजे रंगीत चौकोनांची एक चौकट, आणि त्या चौकोनांची संख्या चित्र काढिले त्याच क्षणी कायम झालेली.

आमच्या विद्यार्थिनींस ठिपक्यांची रांगोळी ठाऊक आहेच. वीस ठिपक्यांच्या वीस ओळी ओट्यावर वीतभर जागेत काढिल्या तर आकृती घट्ट व रेखीव दिसते. तेच वीस ठिपके साऱ्या अंगणभर पसरले तर आकृती मोठी होते खरी, परंतु तिच्यातील बारकावा तिळमात्र वाढत नाही. उलट ठिपक्याठिपक्यांमधील अंतर डोळ्यांत भरू लागते. चित्राचेही असेच आहे. म्हणून "या चित्रात किती बिंदू आहेत?" हा प्रश्न अर्धा आहे. "हे किती इंचांवर पसरावयाचे आहे?" हा त्याचा दुसरा अर्धा भाग. दोन्हींची सांगड घातली की जो आकडा निघतो, म्हणजे दर इंचास किती बिंदू पडतात तो, त्यासच चित्राचे रेझोल्यूशन म्हणतात.

आता कागदाकडे वळू. वर्तमानपत्रातील एखाद्या छायाचित्रावर भिंग धरून पाहावे. प्रयोगशाळेतील साधे भिंगही चालेल. करडा रंग कोठेच नाही, असे आढळून येईल. आहेत ते निव्वळ शाईचे ठिपके. गडद भागात मोठे व एकमेकांस भिडलेले, उजळ भागात मोहरीहून पुष्कळ बारीक व सुटेसुटे. छपाईच्या यंत्रास शाई लावणे व न लावणे एवढ्या दोनच गोष्टी येतात. अर्धी शाई लावणे त्यास येत नाही. तेव्हा छायाचित्रातील अगणित छटा त्याच्याकडून वदवून घ्यावयाच्या, तर ठिपक्यांचा आकार लहानमोठा करून डोळ्यास फसवावे लागते. या युक्तीचे नाव हाफटोन.

ही युक्ती एका दिवसात सुचलेली नाही. छायाचित्र छापण्यासाठी मध्ये जाळीदार पडदा धरण्याची कल्पना छायाचित्रणाच्या आद्य जनकांपैकी एक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८५२ च्या आपल्या पेटंटात मांडली होती. १८८० च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या डेली ग्राफिक या दैनिकात स्टीफन हॉर्गन याने एका झोपडवस्तीचे छायाचित्र ठिपक्यांच्या साहाय्याने छापून दाखविले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, म्यूनिकच्या गेओर्ग माइझेनबाख याने आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी छापावयाचे चित्र लाकडात वा धातूत हाताने कोरावे लागे, किंवा शिळेवर रेखाटावे लागे. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्याने १८१७ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापिले, त्या काळी छायाचित्र हीच वस्तू जगात नव्हती, मग ते छापण्याची गोष्ट दूरच!

येथे आपल्या देशातील एका पुरुषाचे नाव मुलांनी अवश्य लक्षात ठेवावे. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे बंगालीत मुलांसाठी उत्तम गोष्टी लिहीत व त्यांस चित्रेही स्वतःच काढीत. आपल्या पुस्तकांतील चित्रे खराब छापिली गेल्याचे पाहून ते नुसते चडफडत बसले नाहीत. त्यांनी विलायतेहून यंत्रे व पडदे मागविले, ठिपक्यांच्या रचनेमागील गणित व प्रकाशाचे नियम स्वतः अभ्यासिले, आणि त्यावर इंग्लंडातील पेनरोज या नामांकित वार्षिकात शास्त्रीय निबंध लिहिले. कलकत्त्यात बसून केलेल्या त्या कामाची विलायतेतील कारागिरांनी दखल घेतली. सुकुमार राय हे त्यांचे पुत्र व चित्रपटकार सत्यजित राय हे नातू. हे १९१५ साली वारलेले गृहस्थ वार्षिकातील चित्र कसे छापावे, यावर एका वार्षिकातच लिहीत होते, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटते.

आज काचेचे पडदे गेले व त्यांचे काम संगणक करतो. परंतु ठिपके गेलेले नाहीत. छापखान्यात प्लेट तयार करणारे यंत्र दर इंचास साधारणतः २,४०० अतिसूक्ष्म खुणा उमटविते. हा आकडा ऐकून पुष्कळांचा घोटाळा होतो. ते म्हणतात, "छापखाना जर इंचास २,४०० मागतो, तर आमचे ३०० कसे पुरणार?" उत्तर असे की, त्या सूक्ष्म खुणा म्हणजे चित्राचे बिंदू नव्हेत. अनेक खुणा एकत्र करून शाईचा एक ठिपका घडवावयाचा असतो. गुळगुळीत कागदावरील मासिकात दर इंचास बहुधा १५० ठिपक्यांच्या ओळी असतात. २,४०० ला १५० ने भागा, १६ येतात. म्हणजे प्रत्येक ठिपक्यास १६ गुणिले १६, अशा २५६ खुणांचे घर मिळते. एक खूण भरली तर अगदी फिकी छटा, सर्व भरल्या तर पूर्ण काळी, आणि मध्ये हव्या तितक्या पायऱ्या. संगणकातील साध्या चित्रातही प्रत्येक रंगाच्या २५६ च छटा धरितात, तेव्हा हिशेब नीट जुळतो. रंगीत चित्रात निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शायांचे चार वेगळे ठसे एकावर एक पडतात, आणि त्यांच्या ओळी एकमेकींशी निरनिराळे कोन करून ठेवितात, नाही तर ठिपक्यांच्या गर्दीतून नको ते पट्टे उमटतात.

मग ३०० हा आकडा कोठून आला? शाईच्या ठिपक्याचा आकार ठरविताना संगणक त्या जागी असलेले चित्रबिंदू पाहतो. अनुभव असा की, ठिपक्यांच्या ओळींच्या दीडपट ते दुपटीइतके चित्रबिंदू मिळाले म्हणजे कडा स्वच्छ येतात. १५० ची दुप्पट ३००. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर ओळीच ८५ ते १०० असतात, म्हणून तेथे १७० ते २०० पुरतात. डोळ्याच्या बाजूनेही हाच आकडा निघतो, आणि वरच्या वर्गातील मुलांनी तो ताडून पाहावा. निरोगी डोळ्यास एका अंशाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे एका कलेचा, कोन करणाऱ्या दोन खुणा जेमतेम वेगळ्या दिसतात. पुस्तक एका फुटावर धरिले तर त्या कोनासमोरची जागा सुमारे ०.००३५ इंच भरते. एका इंचात अशा जागा साधारण २८६ होतात. छापखान्याचा नियम व डोळ्याची घडण असे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. यास योगायोग म्हणावयास आम्ही तयार नाही. छापखान्याचे नियम शेवटी वाचणाऱ्याच्या डोळ्यासाठीच घडलेले आहेत.

आता तो भागाकार. चित्राच्या रुंदीतील बिंदूंची संख्या घ्यावी आणि ते कागदावर जितके इंच रुंद छापावयाचे असेल त्या संख्येने तिला भागावे. उत्तर ३०० किंवा अधिक आले तर निश्चिंत असावे. २०० च्या वर असल्यास बहुधा चालते, विशेषतः चित्रात दूरचे डोंगर, आकाश वा पाणी असेल तर. १५० च्या खाली आल्यास चित्र लहान छापावे किंवा दुसरे मागवावे. आमच्या वार्षिकाचे पान साडेसात इंच रुंद व दहा इंच उंच आहे असे धरिले, तर पूर्ण पानाच्या चित्रास आडवे २,२५० व उभे ३,००० बिंदू लागतात. मोबाइलचे मूळ चित्र उभे धरून काढिले असेल तर ते यात सहज बसते. संगणकाच्या पडद्यावर जे चित्र डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत भरून राहते, त्याचे मात्र भागाकार केल्यावर हसू होते. तो पडदा २० इंचांहून रुंद असला तरी त्यावर आडवे बिंदू बहुधा १,९२० च असतात. कागदावर ते ६.४ इंचांत संपतात.

हे सारे वाचून एखादे पालक म्हणतील, "चित्र थोडे पुसट आले तर असे काय बिघडले?" डोंगराच्या चित्रात फार बिघडत नाही. वर्गाच्या समूहचित्रात बिघडते. एका रांगेत पंधरा मुले बसली आहेत आणि चित्र सहा इंच रुंद छापिले आहे, असे समजू. प्रत्येकाच्या वाट्यास ०.४ इंच जागा येते, आणि त्यात चेहरा जेमतेम निम्मा, म्हणजे इंचाचा पाचवा हिस्सा. इंचास ३०० बिंदू असतील तर त्या चेहऱ्याच्या रुंदीत ६० बिंदू पडतात. चित्रकलेच्या शिक्षकांस विचारा. चेहऱ्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांइतकी असते, असे ते सांगतील. तेव्हा एका डोळ्यास १२ बिंदू मिळाले. बारा बिंदूंत पापणी, बुबुळ व त्यातील चमक एवढे कसेबसे सामावते. आता हेच चित्र कोणी केवळ ६०० बिंदू रुंदीचे पाठविले असेल, तर चेहऱ्यास २० व डोळ्यास ४ बिंदू. चार चौकोनांत कोणाही चित्रकारास डोळा काढता यावयाचा नाही. मूल हसत होते की रडवेले झाले होते, हे मग त्याच्या आईसही सांगता येत नाही. ज्या घरांत वार्षिकाचा अंक ट्रंकेत कपड्यांखाली जपून ठेवितात, ज्या घरांत वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा वर्षाचा एकच छापील चेहरा हाच असतो, त्या घरांस हे चार बिंदू पुरे आहेत, असे आम्हांस म्हणवत नाही. अंकाच्या हजार प्रती निघून गेल्यावर तो डोळा पुन्हा भरून काढण्याचा काही उपाय नाही. बुरूज बांधू पाहणाऱ्याचा दाखला रविवारच्या शाळेत सर्वांनी ऐकला आहे. पाया घातल्यावर खर्चाचा हिशेब मांडणाऱ्यास लोक हसतात. येथे हिशेब तर खर्चाहूनही सोपा आहे.

या भागाकाराच्या वाटेत एक फसवा आकडा उभा असतो, त्याविषयी सावध केले पाहिजे. काही चित्रांच्या माहितीत "७२" असा आकडा लिहिलेला असतो, काहींत "३००". पुष्कळ मुले तोच पाहून निर्णय देतात. हा आकडा म्हणजे चित्रास बांधलेली एक चिठ्ठी आहे. हे चित्र किती इंचांवर पसरावे याची ती केवळ सूचना. ४,००० बिंदू रुंदीच्या चित्रावर ७२ ची चिठ्ठी असली तर ते ५५ इंचांहून अधिक रुंद दाखविले जाईल, आणि ३०० ची असली तर १३.३ इंच रुंद. चित्र तेच, बिंदू तेच. गेल्या वर्षी नववीतील एका उत्साही विद्यार्थ्याने ५०० बिंदू रुंदीच्या चित्रावरील ७२ खोडून तेथे ३०० लिहिले व "सर, आता झाले" म्हणून ते आणून दिले. कापडाच्या ठाणावरील चिठ्ठी बदलल्याने कापड वाढत नाही. त्याने संगणकास नवे बिंदू घालावयास सांगितले असते तरी फार निराळे झाले नसते. संगणक दोन शेजारी बिंदूंच्या मधल्या रंगाचा तिसरा बिंदू बसवितो. दुधात पाणी घातल्याप्रमाणे माप वाढते, सत्त्व वाढत नाही.

बिंदू हरवितात ते कसे, हे आता पाहू. पहिली व सर्वांत मोठी गळती पाठविण्यात होते. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून पाठविले की ते वाटेतच लहान केले जाते, कारण त्याचा हेतू लवकर पोहोचविणे हा आहे, छापणे हा नव्हे. मूळ ४,००० बिंदूंचे चित्र समजा १,६०० बिंदूंचे होऊन पोहोचले, तर एकंदर बिंदूंचा सहावा हिस्सादेखील उरला नाही. तेच चित्र "डॉक्युमेंट" म्हणून पाठविले तर मूळ फाईल जशीच्या तशी येते. ई-मेलला जोडून पाठविणेही चांगले, मात्र तेथे मोबाइलने "आकार लहान करू काय?" असे विचारिले तर नाही म्हणावे. पडद्याची प्रत, ज्यास स्क्रीनशॉट म्हणतात, ती तर कधीच पाठवू नये. तीत चित्राचे बिंदू येत नाहीत, पडद्याचे येतात. दुसरी गळती वर्डच्या फाईलमध्ये होते. लेखासोबत चित्रे त्यातच चिकटवून पाठविण्याची चाल पडली आहे. परंतु फाईल जतन करिताना वर्ड पुष्कळदा चित्रातील बिंदू आपण होऊन कमी करितो. लेख वर्डमध्ये व चित्रे वेगळ्या फाईलींत, असे असावे.

कातरणे ही तिसरी गळती, आणि ती सर्वांत कमी लक्षात येते. सभागृहाच्या शेवटच्या बाकावरून काढिलेल्या चित्रात रंगमंच मध्यभागी चौथा हिस्सा रुंदीचा दिसतो. बाकीचे कापून रंगमंच तेवढा ठेविला की ४,००० चे १,००० बिंदू झाले, आणि तो अर्ध्या पानावर सात इंच पसरला की इंचास सुमारे १४३. मोबाइलवर बोटे ताणून चित्र "जवळ" आणणे हेही पुष्कळ अंशी असेच कातरणे आहे. चार पावले पुढे जाऊन चित्र काढणे हा यावरचा उपाय आम्हांस सर्वांत स्वस्त दिसतो. येथेच हेही सांगावे की, बिंदू भरपूर असले म्हणजे चित्र चांगलेच असे नव्हे. हात हलला, उजेड कमी पडला, किंवा भिंगावर वडापावाच्या तेलाचे बोट उमटले असेल, तर १ कोटी २० लाख बिंदू सर्वच्या सर्व पुसट असतात! म्हणून भागाकारानंतर चित्र पडद्यावर शंभर टक्के आकारात उघडून, म्हणजे पडद्याच्या एका बिंदूवर चित्राचा एकच बिंदू पडेल असे करून, चेहरे एकदा पाहून घ्यावेत.

बिंदूंची संख्या कोठे पाहावयाची? मोबाइलवर चित्र उघडून त्याची माहिती पाहिली की दोन आकडे मध्ये गुणाकाराच्या चिन्हासह लिहिलेले आढळतात. विंडोजच्या संगणकावर फाईलवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज व त्यात डीटेल्स उघडावे; रुंदी व उंची तेथे असते. पाने जुळविणारे इनडिझाइन वापरीत असतील तर त्यांच्या पडद्यावर प्रत्येक चित्रासाठी दोन आकडे दिसतात, एक चिठ्ठीवरचा व दुसरा प्रत्यक्ष पसरल्यावरचा. विचारावयाचा तो दुसरा.

शाळेचे बोधचिन्ह, सही, नकाशा, विज्ञानाची आकृती अशा रेघांच्या चित्रांस वरील नियम पुरत नाही. छायाचित्रातील कडा मऊ असतात; रेघेची कड धारदार हवी. ती इंचास ६०० ते १,२०० बिंदूंनी घ्यावी लागते. त्याहून उत्तम म्हणजे ती बिंदूंत नसून रेषांच्या गणिती वर्णनात साठविलेली, ज्यास व्हेक्टर म्हणतात अशी फाईल छापखान्यास द्यावी; ती तिकिटाएवढी छापा की दाराएवढी, कड सारखीच राहते. याच्या उलट प्रकार फ्लेक्सच्या फलकाचा. फाटकावरचा फलक वीस फुटांवरून पाहावयाचा असतो. एका कलेचा तोच हिशेब तेथे लाविला तर इंचास १४ बिंदूंपलीकडे डोळ्यास भेद कळत नाही. म्हणून फलकावर चांगले दिसलेले चित्र वार्षिकात चांगले दिसेलच असे नाही, आणि "फलक तर एवढा मोठा छापला होता!" हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही.

शेवटी जुन्या छायाचित्रांविषयी, कारण स्मृतिपृष्ठासाठी तीच येतात. कागदावरील चित्र स्कॅन करावयाचे असता नियम असा: जितक्या पट मोठे छापावयाचे, तितक्या पट ३०० हून अधिक. आहे त्याच आकारात छापावयाचे तर ३००, दुप्पट हवे तर ६००, तिप्पट हवे तर ९००. पासपोर्टचे ३५ मिलिमीटर रुंदीचे चित्र ६०० ने स्कॅन केले तर ८२७ बिंदू मिळतात व ते पाऊणेतीन इंच रुंद स्वच्छ छापिता येते. याहून फार पुढे जाण्यात हशील नाही, कारण मग चित्राऐवजी कागदाचे दाणे मोठे होऊ लागतात. मूळ चित्र एखाद्या जुन्या अंकात छापलेले असेल, तर त्यात शाईचे ठिपके आधीच आहेत. त्यांवर नवे ठिपके पडले की रेशमी वस्त्रावर दिसतात तशा लाटा उमटतात. अशा वेळी स्कॅनरमधील डीस्क्रीन ही सोय वापरावी, आणि शक्य तर छापिलेल्या अंकाऐवजी मूळ छायाचित्र शोधावे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत घंटा देण्याचे काम पुष्कळ वर्षे केलेले एक सेवक वारले. त्यांच्यावर एका माजी विद्यार्थ्याने सुरेख लेख लिहिला. त्यासोबत मोबाइलवरून आलेले छायाचित्र अवघे ३२० बिंदू रुंदीचे होते, आणि ते अर्धे पान भरून छापावे, असा मुलांचा आग्रह. एका मुलाने ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनातून काढून आणिले. चित्र पाहता पाहता मोठे झाले. पापण्यांचे केस न केस दिसू लागले, दात पांढरे शुभ्र झाले. आम्ही ते त्यांच्या पत्नीस दाखविले. त्यांनी बराच वेळ पाहिले व हळूच म्हटले, "हे ते नव्हेत, सर." त्यांचे म्हणणे अगदी अचूक होते. असले साधन हरवलेले बिंदू परत आणीत नाही, ते आणूही शकत नाही. लक्षावधी इतर चेहरे पाहून, येथे बहुधा असे असावे म्हणून ते नवे बिंदू रचून देते. डोंगर, इमारत, फुलझाड यांत तो अंदाज खपून जाईल. मनुष्याच्या, आणि त्यातही आता ज्यास पुन्हा पाहता येणार नाही अशा मनुष्याच्या चेहऱ्यात तो खपत नाही.

बाईंकडे मूळ छायाचित्र होते, परंतु ते जुन्या ओळखपत्रावर चिकटविलेले, आणि एका कोपऱ्यावर शिक्क्याची निळी शाई. म्हणून ते कोणी मागितले नव्हते व त्यांनीही संकोचाने दिले नव्हते. आम्ही ओळखपत्रासकट ते स्कॅनरवर ठेविले, ६०० ने घेतले आणि पाऊणेतीन इंच रुंद, शिक्क्यासह, छापिले. ज्या पालकांकडे असे एखादे चित्र असेल त्यांनी ते कार्डावरून वा अल्बममधून सोडविण्याची खटपट करू नये, मोबाइलने त्याचा फोटोही काढू नये. आहे तसे पाकिटात घालून, टाचणी न लाविता, पाकिटावर पाल्याचे नाव व वर्ग लिहून कार्यालयात द्यावे. स्कॅन होताच ते त्याच पाकिटातून परत दिले जाते.